तिघांच्या रॉक बँडसाठी बेस गिटार सुचवा (बजेट २० हजार, ॲम्पसकट)

मानपाडा_एक्सप्रेस
नमस्कार मंडळी, चुकीच्या विभागात टाकत असेन तर ॲडमिनने हलवावं. आम्ही तिघं कॉलेजपासूनचे मित्र, तिघंही चाळिशी ओलांडलेले, इतकी वर्षं घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये स्टेअरिंगवर ड्रम बडवण्यापलीकडे संगीतात काही केलेलं नाही. आता एकाने खारघरला रो-हाउस घेतलंय, खालची खोली रिकामी होती तिथे त्याने खरा ड्रमसेट आणून मांडलाय. दुसरा ऐरोलीचा, गिटार भन्नाट वाजवतो. मी पण गिटारच वाजवतो पण त्याच्यापुढे माझं काही खरं नाही, त्यामुळे दोन विरुद्ध एक मतांनी ठरलं की बेस मी धरायचा. २६ जानेवारीला संध्याकाळी त्यांच्या सोसायटीचा कार्यक्रम असतो, त्यात सहा कव्हर्स (म्हणजे दुसऱ्या बँडची गाणी) वाजवायची आहेत, सगळी क्रीम, पोलीस, हेंड्रिक्स, रश अशा तिघातिघांच्या बँडची. तेच आमचं वेड आहे.

माझ्याकडे बेस नाही, ॲम्प नाही, केबलसुद्धा गिटारवाल्याची. बजेट २० हजार, सगळं धरून. घरी १२ सांगितलेत त्यामुळे २० च्या वर एक रुपया जाणार नाही. ठाण्याहून खारघरला ट्रान्स हार्बरने न्यायचाय हेही लक्षात घ्या. नवा घेऊ की जुना, कुठला घेऊ, आणि तिघांतच वाजवताना बेसवाल्याने नक्की काय करायचं असतं तेही सांगा. चौथा माणूस घ्या हा सल्ला कृपया नको.

ढोलकीवाला_डोंबिवली
एक कीबोर्डवाला घ्या. बेस पण तोच डाव्या हाताने वाजवेल, तुमचे २० हजार वाचतील. माझा भाचा वाजवतो, हवा तर नंबर देतो.

फेंडरभक्त
२० हजारात बेस येत नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एकदाच घ्यायचा आणि आयुष्यभराचा घ्यायचा. फेंडरचा प्रिसिजन, १९५१ साली पहिला आला, तेव्हापासून जगातल्या निम्म्या रेकॉर्डवर तोच आहे. पोलीस बँडचा स्टिंग इतकी वर्षं स्टेजवर जुनापुराणा प्रिसिजनच घेऊन उभा राहतो, त्याला काय दुसरा परवडत नाही का. मी मेक्सिकोत बनलेला घेतला, अमेरिकन घेणार होतो पण तेव्हा हप्ते चालू होते गाडीचे. आजही हातात घेतला की दुकानवाला बघत राहतो.

मानपाडा_एक्सप्रेस
बजेट २० आहे हो.

फेंडरभक्त
ईएमआय होतो.

तीनपेटी
तीन तिघाडा काम बिघाडा 😂 बँडचं नाव झालं बघा तुमचं

तळ्याकाठची
मी तलावपाळीजवळच राहते आणि एका ऑफिसच्या बँडमध्ये बेस वाजवते म्हणून अनुभवाचं सांगते. सगळ्यात आधी, ते ऑनलाइन ‘बेस अधिक ॲम्प अधिक बॅग अधिक पट्टा’ असं कॉम्बो मिळतं ना ते घेऊ नका. माझ्या मैत्रिणीने घेतलं, जॅक पहिल्या दिवसापासून हलत होता, सोबतचा ॲम्प १० वॅटचा, बेडरूममध्ये गोड वाजायचा आणि ड्रमरने पहिला क्रॅश मारला की बेस गायब. ती वाजवतेय हे फक्त तिच्या बोटांवरून कळायचं. परत करायला गेली तर म्हणाले सात दिवस उलटून गेले.

दुसरं म्हणजे शॉर्ट स्केलचा विचार करा. साध्या बेसची तारेची लांबी ३४ इंच असते, तुम्ही गिटारवरून येताय, गिटार असते साधारण २५ इंचाच्या आसपास, म्हणजे मानेवरच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या दोन-तीन घरांत बोटं ताणून ताणून दुखतील. मी इबानेझचा मायक्रो घेतलाय, २८.६ इंच, हलका आहे, लोकलमध्ये दोन पायांच्या मध्ये उभा राहतो, कोणी ओरडत नाही. फक्त तारा बदलताना शॉर्ट स्केलच्याच मागून घ्या, लांबवाल्या नीट बसत नाहीत.

फेंडरभक्त
शॉर्ट स्केल लहान मुलांसाठी असतं ताई. आवाज ढप ढप येतो.

निवांत_नौपाडा
लहान मुलांसाठी? जॅक ब्रूस क्रीममध्ये काय वाजवायचा जरा शोधा. गिब्सन ईबी-३, साडेतीस इंच. त्याच बेसवर त्याने एरिक क्लॅप्टन आणि जिंजर बेकर दोघांना पळवलंय. आणि तो ढप ढप म्हणता तोच आवाज लोक आज पेडल लावून शोधतायत.

तळ्याकाठची
धन्यवाद काका 🙏

फेंडरभक्त
जॅक ब्रूस आहे का धागाकर्ता?

निवांत_नौपाडा
नाही, पण स्टिंगही नाही ना.

वाशीचा_वादळी
रश हे नाव घेतलंत म्हणून खास लॉगिन केलं. इथे रशचा कोणी भेटतच नाही. सगळे क्रीम क्रीम करत बसलेत पण तिघांनी स्टेज भरायचा कसा ते रशकडून शिका. गेडी ली बेस वाजवतो, गातो, कीबोर्ड वाजवतो आणि कीबोर्डवर हात असताना पायाने मूग कंपनीचे बेस पेडल दाबतो. चौथा माणूस घ्यायची गरजच नाही, पाय वापरा. (ढोलकीवाले, वाचताय ना?)

सुरुवात पण बघा कशी. टोरंटोच्या विलोडेल भागातली पोरं, १९६८, चर्चच्या तळघरातल्या पोरांच्या अड्ड्यावर पहिला कार्यक्रम, आणि जवळजवळ सगळं दुसऱ्यांचंच वाजवायचे. त्यांची पहिली सिंगल १९७३ ची, ती सुद्धा कव्हर, बडी हॉलीचं ‘नॉट फेड अवे’. तेव्हा ड्रमवर जॉन रट्सी होता. नील पर्ट आला १९७४ च्या जुलैच्या शेवटी, अमेरिकेच्या टूरला निघायला दोन आठवडेच राहिले होते. म्हणजे कव्हर्स वाजवतोय म्हणून लाजू नका, २००४ साली तीस वर्षं झाली म्हणून त्यांनी परत एक पूर्ण रेकॉर्ड कव्हर्सचंच काढलं.

आणि फॅन कसे असावेत तर रशचे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमवाले वर्षानुवर्षं दार उघडत नव्हते, फॅन पत्रं लिहून, सह्या गोळा करून थकले नाहीत. पहिल्यांदा लोकांना ऑनलाइन मतदान करू दिलं त्याच फेरीत रश सगळ्यात वर आणि २०१३ ला आत. आमच्या कंपनीत मी एकटा रशवाला, एकदा लिफ्टमध्ये एका माणसाच्या टीशर्टवर रशचं ते तारा आणि माणूस असलेलं चिन्ह दिसलं, आम्ही दोघं दहाव्या मजल्यावरून परत खाली आलो बोलत बोलत. आजही दर रविवारी बोलतो.

मानपाडा_एक्सप्रेस
वादळी साहेब मनातलं बोललात. पण बेस कुठला घेऊ?

वाशीचा_वादळी
रिकनबॅकर ४००१. गेडीचा तोच होता.

मानपाडा_एक्सप्रेस
🙏

अर्धवट_राव
रश वगैरे ठीक आहे पण सोसायटीत सात-आठ मिनिटांची गाणी, त्यात मोजता न येणारे ताल, आजोबा उठून जातील. ग्रीन डे वाजवा. तीन कॉर्ड, तीन मिनिटं. मार्च २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा फेस्टिव्हलला आले होते, मी आणि माझी पुतणी गेलो होतो, मी जास्त ओरडलो. ते पण असेच, दोन शाळेतले मित्र, १९८७ पासून, आधी नाव स्वीट चिल्ड्रन, बर्कलीला गिलमन स्ट्रीटवर स्वयंसेवक पोरांनी चालवलेला एक हॉल आहे तिथे वाढले. त्यांची एक जुनी सवय मस्त आहे, ऑपरेशन आयव्ही या बँडचं ‘नॉलेज’ नावाचं कव्हर करताना पब्लिकमधून तीन जणांना वर बोलवायचे, ड्रमला एक, बेसला एक, गिटारला एक, आणि त्यांच्याकडून वाजवून घ्यायचे. कधीकधी गिटार देऊनच टाकायचे. तुम्ही पण एका गाण्याला सोसायटीतल्या पोरांना वर बोलवा, मग त्यांचे आईबाप आपोआप तुमचे फॅन.

वाशीचा_वादळी
स्टेजवर ग्रीन डे तिघं नसतातच. मागे जेसन व्हाइट गिटारला असतो वर्षानुवर्षं, शिवाय कीबोर्डवाला. ते त्रिकुट फक्त फोटोत.

अर्धवट_राव
बरं मग निर्वाणा घ्या. १९९३ चं अनप्लग्ड, चौदा गाण्यांतली सहा कव्हर्स होती.

वाशीचा_वादळी
तिथे पण पॅट स्मिअर होता दुसऱ्या गिटारला. आणि चेलोवाली बाई.

अर्धवट_राव
तुम्ही लग्नात वऱ्हाड मोजायला जाता का हो?

ढोलकीवाला_डोंबिवली
बघा, सगळे मोठे बँड शेवटी चौथा माणूस घेतातच. भाच्याचा नंबर व्यनि करतो.

कायद्याचं_बोला
कोणी मूळ मुद्द्याकडे लक्ष देत नाहीये. दुसऱ्यांची गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवायला परवाना लागतो. आयपीआरएस म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था, तिच्याकडून घ्यावा लागतो. उद्या नोटीस आली तर २० हजार त्यातच जातील.

बी_फ्लॅट
काका घाबरवू नका. तिकीट आहे का? नाही. हौशी मंडळ, पैसे न देणारे प्रेक्षक, यासाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे.

कायद्याचं_बोला
५२(१)(एल). मला माहीत आहे. पण सोसायटी म्हणजे हौशी मंडळ का यावर वाद होऊ शकतो. शिवाय प्रायोजकाचा बॅनर असेल तर? आणि ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. ड्रमसेट एकटाच ५५ च्या कितीतरी वर जातो.

बी_फ्लॅट
दहाच्या आत संपवा हे मात्र खरं.

आता मूळ प्रश्नावर. मी मंडपात साउंड करतो, ठाणे नवी मुंबई दोन्हीकडे, त्यामुळे ब्रँडवर बोलत नाही. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. छोट्या ॲम्पच्या सहा-आठ इंची स्पीकरमधून तो नीट बाहेरच पडत नाही, पडते ती वरची खरखर. खऱ्या ड्रमसोबत बंद खोलीत वाजवायचं तर बेसला १०० वॅटच्या खाली भागत नाही. गिटारवाला म्हणेल माझ्याच ॲम्पच्या दुसऱ्या इनपुटला लाव, तर लावू नका, मोठ्या आवाजात त्याचा स्पीकर फाटेल आणि मैत्री पण.

पण म्हणून ॲम्प विकत घेऊ नका. कार्यक्रमाच्या दिवशी ॲम्प न्यायचाच नाही. डीआय बॉक्स घ्या, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारा छोटा डबा, दीड-दोन हजारांत बरा मिळतो, बेसची केबल त्यात आणि तिथून माइकची केबल थेट मिक्सरला. तुमचा बेस पॅसिव्ह असेल, म्हणजे आत बॅटरी नसेल, तर ॲक्टिव्ह डीआय बरा, त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्टची फँटम पॉवर द्यायला सांगा. आणि साउंडवाल्याला आठवडाभर आधी फोन करून विचारा की सब (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) आणतोय का. सोसायटीच्या कार्यक्रमाला तो दोन टॉप (नेहमीचे वरचे स्पीकर) आणि चार माइक घेऊन येतो, कारण दरवर्षी कराओके असतं. नुसत्या टॉपवर बेस दिला की सगळी मेहनत पाण्यात. एक मॉनिटर स्पीकर ड्रमरकडे तोंड करून ठेवायला सांगा, त्याला बेस ऐकू आला नाही तर तो पळतो.

सरावाला एखादा जुना १२ इंची पॉवर्ड स्पीकर भाड्याने घ्या. उरलेले सगळे पैसे बेसमध्ये.

प्रतिसाद_सम्राट
बरोबर. ॲम्प घेऊ नका, डीआय घ्या.

तळ्याकाठची
+१, ॲम्पवर खर्च करू नका. आणि कॉम्बो तर अजिबात नाही.

जुईनगर_लोकल
जुना बेस घेणार असाल तर मान बघून घ्या. आपल्याकडे खाडीची हवा, पावसाळ्यात लाकूड फुगतं, मान पुढे झुकते, तारा वर जातात आणि मग बाराव्या घरात दाबायला हातोडी लागेल असं होतं. मी सीवूड्सच्या एकाकडून घेतला, विकणारा म्हणाला सेटअप केलेला आहे, घरी येऊन बघतो तर ट्रस रॉडचा (मानेच्या आतली, तिचा वाक धरणारी सळई) नट पार गोल झिजवून ठेवलेला, चावी नुसतीच फिरते. कारागिराने सांगितलं मानच बदला. म्हणून घेताना पहिलं आणि शेवटचं घर दोन्ही दाबून मधल्या घरांवर किती फट राहते ते बघा, कार्ड जाईल एवढीच हवी. नट स्वतःच्या चावीने फिरवून बघा, पाव आट्याच्या वर नाही. आणि बॅगेत सिलिकाची पाकिटं टाकून ठेवा.

लोकलचं म्हणाल तर सकाळी ठाण्याहून पनवेल ट्रेनमध्ये चढता येतं, ऐरोली रबाळे घणसोलीला खाली होते. संध्याकाळी परत येताना मात्र बेस डोक्यावर. एकदा एका काकूंनी विचारलं मृदंग आहे का.

प्रतिसाद_सम्राट
जुना घेताना मान बघून घ्या.

निवांत_नौपाडा
सगळे विकत घेण्याच्या गोष्टी करतायत, त्यांनी दुसरा प्रश्न विचारलाय तो कोणी वाचला का, की तिघांत बेसवाल्याने करायचं काय. त्यावर सांगतो, जरा लांबेल.

अडचण एकच असते. गिटारवाला सोलोला गेला की खाली कॉर्ड धरायला कोणी उरत नाही. मधे भोक पडतं. याची दोन उत्तरं आहेत. एक क्रीमचं. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये एकट्याने गिटार घेऊन रेकॉर्ड केलेलं गाणं क्रीमने ‘क्रॉसरोड्स’ नावाने मार्च १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडला लाइव्ह वाजवलं, ते हेडफोन लावून फक्त बेससाठी ऐका. क्लॅप्टन वर सोलो घेतोय आणि खाली जॅक ब्रूस थांबतच नाही, स्वतःचाच दुसरा सोलो चालू आहे. ब्रूस आणि बेकर यांचं एकमेकांशी पटायचं नाही, ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये असल्यापासून भांडणं, तरी १९६६ ला बेकरने क्लॅप्टनला विचारलं तेव्हा क्लॅप्टनची अट होती की बेसला ब्रूसच हवा. ते भांडण तुम्हाला वाजवण्यात ऐकू येतं. दोघं भरत सुटलेत.

दुसरं उत्तर पोलीसचं. ते भोक भरायचंच नाही. मार्च १९८० मध्ये पोलीस मुंबईत आले होते, धोबीतलावला रंगभवनात, टाइम अँड टॅलेंट्स क्लबच्या बायकांनी चॅरिटीसाठी आणलं होतं. मी कॉलेजात होतो. पुढे खुर्च्यांवर प्रतिष्ठित मंडळी, मागे आम्ही. आम्हाला तेव्हा रॉक म्हणजे भिंतीसारखा आवाज एवढंच माहीत आणि हे तिघं तर मोकळ्या जागा सोडत वाजवतायत. स्टिंग दोन सूर वाजवतो आणि गप्प. अँडी समर्सच्या गिटारचा इको परत फिरून येतो तेवढ्यात ड्रमर कोपलंडची हायहॅट (पायाने मिटणारी झांज). कोणीही कोणाच्या जागेत पाय टाकत नाही. तुम्ही नवशिके बेसवाले आहात तेव्हा माझं ऐका, क्रीमच्या वाटेला जाऊ नका. मूळ सूर आणि त्याचा पंचम, बास. ड्रमरचा उजवा पाय ऐका आणि त्याच्यासोबत पडा. भरायचं काम गिटारवाल्यावर टाका, रशचा लाइफसन बघा, कॉर्ड धरताना वरच्या दोन तारा मोकळ्या सोडतो, त्या वाजत राहतात आणि तिघांचे चार वाटतात. आणि इकोचं एक पेडल त्यालाच घ्यायला लावा, तुमच्या बजेटमधून नको.

वाशीचा_वादळी
काका दंडवत. लाइफसनचं अगदी बरोबर.

फेंडरभक्त
पोलीस १९८० ला भारतात? माझ्या माहितीप्रमाणे स्टिंग १९८८ ला आला होता, दिल्लीला, ब्रूस स्प्रिंगस्टीन वगैरेसोबत. तुमची गल्लत होतेय.

निवांत_नौपाडा
तो ॲम्नेस्टीचा कार्यक्रम, स्टिंग एकटा, पोलीस फुटून गेल्यावर. हे आधीचं. त्या जगदौऱ्याची फिल्म निघाली त्यात मुंबई आहे, बघा आणि मग या. रंगभवनात नंतर १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक व्हायचं, तिथेही मी जायचो, पावसात. पुढे शांतता क्षेत्र म्हणून ते सगळंच बंद पडलं. आता पोरांना रेसकोर्स आणि नेरुळचं स्टेडियम, तिकिटाच्या किमतीत तेव्हा आख्खी गिटार आली असती.

अर्धवट_राव
काका, रंगभवनात पुढे काय झालं, लोक नाचले का?

निवांत_नौपाडा
सांगतो नंतर, नातवाला क्लासला सोडायचंय.

तीनपेटी
तीन तिघाडा 😂

मानपाडा_एक्सप्रेस
तीनपेटी, हा विनोद घरी झाला, ऑफिसात झाला, इथे दोनदा झाला. पण ड्रमरला आवडलाय, त्यामुळे बँडचं नाव ‘काम बिघाडा’ पक्कं. तुम्हाला श्रेय मिळणार नाही.

काकांचा प्रतिसाद तिघांच्या ग्रुपवर टाकला. गिटारवाला म्हणतो इकोचं पेडल आहेच, दाखवायला निमित्त हवं होतं. क्रीमची दोन गाणी एकावर आणली. बाकी मी गिटार सोडून बेस धरतोय याचं अजून वाईट वाटतंय हे खरं.

बी_फ्लॅट
वाईट वाटून घेऊ नका. नोएल रेडिंग १९६६ ला गिटारच्या ऑडिशनला गेला होता, दुसऱ्याच बँडच्या. तिथे हेंड्रिक्सचा मॅनेजर चॅस चँडलरने हातात बेस दिला आणि हेंड्रिक्सच्या एक्स्पिरियन्समध्ये बसवला. लेमीसुद्धा गिटारवालाच, हॉकविंडमध्ये बेसवर गेला आणि मग मोटरहेडमध्ये बेसवरच कॉर्ड बडवत बसला. गिटारवाले चांगले बेसवाले होतात, फक्त सूर कमी करायला शिकावे लागतात.

कव्हर्सवर अजून एक, हेंड्रिक्स तिघांत कसा विचार करायचा ते बघायचं असेल तर जून १९६७. बीटल्सची सार्जंट पेपर बाजारात येऊन आठवडा-दीड आठवडा, लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये ४ तारखेला पडदा उघडला आणि याने पहिलंच गाणं त्या रेकॉर्डचं शीर्षकगीत वाजवलं. पॉल मकार्टनी समोर बसलेला. मूळ गाण्यात चार हॉर्न, वाद्यवृंदाचा गलका, इथे तीन माणसं. जे वाजवता येत नाही ते सोडून दिलं आणि चाल तेवढी उचलली. तुम्ही सहा गाणी हुबेहूब करायच्या मागे लागू नका.

तळ्याकाठची
मग काय ठरलं? माझ्या ओळखीत एक शॉर्ट स्केल विकायचाय, कोपरीला, ११ हजार, मान मी स्वतः बघितलीय.

जुईनगर_लोकल
ताईंचा घ्या. नट फिरवून बघा फक्त.

प्रतिसाद_सम्राट
शॉर्ट स्केल घ्या आणि डीआय घ्या.

ढोलकीवाला_डोंबिवली
भाचा म्हणतो २६ ला तो मोकळा आहे.

मानपाडा_एक्सप्रेस
मंडळी, काम झालं. सगळ्यांचं वाचलं, मनापासून आभार, आणि कोणाचंच ऐकलं नाही.

झालं असं की ऐरोलीवाल्याला वाशीत एक हॉटेलात वाजवणारा ग्रुप माहीत होता, तो फुटला, त्यांचा बेस ॲम्प विकायचा होता. १५ इंची स्पीकर, १५० वॅट, १६ हजारांत दिला, वर केबल दोन फुकट. मी फक्त ऐकायला म्हणून गेलो, त्यांच्याच बेसवर खालचा ई एकदा वाजवला, पोटात जाणवला आणि पैसे देऊन मोकळा झालो. बी_फ्लॅट साहेब, तुमचं सगळं पटतं, पण खारघरच्या खोलीत आम्ही आठवड्यातून दोनदा भेटणार, कार्यक्रम वर्षातून एकदा, आणि भाड्याचा स्पीकर कोण आणणार कोण परत करणार यावर तिघांत भांडण ठरलेलं. ॲम्प तिथेच राहील.

बेस मेव्हण्याकडे निघाला. कळव्याला कपाटावर पडून होता, त्याने लग्नाआधी घेतलेला, तारांना गंज. नव्या तारा टाकल्या, मान जुईनगरकरांनी सांगितल्याप्रमाणे बघितली, फट ठीक आहे, नट फिरतोय. ३४ इंचीच आहे ताई, बोटं दुखतायत, तुम्ही म्हणालात तशीच. डीआय घेतला, तो सल्ला मात्र पाळला. साउंडवाल्याला फोन केला, तो म्हणाला सब कशाला, कराओकेला लागत नाही. आता आणतोय.

बी_फ्लॅट
१५० वॅट खोलीत पुरे. व्हॉल्यूमचं बटण घड्याळातल्या नऊच्या जागेपुढे नेऊ नका शेजारी असतील तर. ॲम्प भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नका, खालचे सूर घुमतात आणि काही कळत नाही. जमिनीवरून एका स्टुलावर घ्या.

वाशीचा_वादळी
रशचं एक तरी आहे का यादीत?

मानपाडा_एक्सप्रेस
एक आहे. ड्रमरला अजून येत नाही.

वाशीचा_वादळी
कोणालाच येत नाही, वाजवा. मी आणि लिफ्टवाला दोघं येतो. आम्ही दोघं ओरडलो की दहा जणांचा आवाज येतो.

अर्धवट_राव
मी पण येतो. पोरांना वर बोलवायचं विसरू नका.

तळ्याकाठची
माझ्या ओळखीतला शॉर्ट स्केल अजून आहे, कोणाला हवा असेल तर सांगा. ११ हजार.

कायद्याचं_बोला
प्रायोजकाचा बॅनर आहे का ते सांगितलं नाहीत.

मानपाडा_एक्सप्रेस
एका डेंटिस्टचा आहे.

कायद्याचं_बोला
बघा म्हणजे.

निवांत_नौपाडा
कार्यक्रम किती वाजता? ठाण्याहून येईन, परतीची ट्रेन बघावी लागेल. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवा, या वेळी मागे उभा राहणार नाही.

मानपाडा_एक्सप्रेस
साडेसात काका. दहाच्या आत संपवतोय, सोडायला ड्रमरची गाडी आहे. रंगभवनचं अर्धवट राहिलंय ते तिथे सांगा.

फेंडरभक्त
मेव्हण्याचा बेस कुठला आहे?

मानपाडा_एक्सप्रेस
हेडस्टॉकवरचं नाव पुसलं गेलंय.

फेंडरभक्त
मग रिसेलला काही येणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.